विहीणबाईंची मोबाईलवरची सावड

एका कमावत्या, ताठ मानेच्या बाईला मी एकदा साडेतीन परिच्छेदांत भिकारीण करून टाकलं. वाईट हेतूने नाही, चांगुलपणाने. आणि हे कृत्य केलं तेव्हा माझं वय अगदीच कोवळं होतं. त्रेसष्ट. त्या वयात माणसाला वाटतं की आपल्याला सगळं कळतं. चौतीस वर्षं कर्जतच्या शाळेत मराठी शिकवलेलं, निबंधस्पर्धांचं परीक्षण केलेलं, "बाई, तुमची भाषा फार ओघवती हो" असं दोन मुख्याध्यापकांनी तोंडावर सांगितलेलं. अशा बाईच्या हाती दुसऱ्याचा मोबाईल पडला की ती काय करील याचा नेम नाही. आज सदुसष्टाव्या वर्षी मी त्या पोरीकडे वळून बघते, तेव्हा तिला अंगठे धरून वर्गाबाहेर उभं करावंसं वाटतं.

पण माझ्या मूर्खपणाची गोष्ट माझ्या विहीणबाईंशिवाय सांगता येत नाही, कारण मोबाईल त्यांचा होता. विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी त्यांना 'नाही' म्हणू शकेल असा माणूस सापडणार नाही, आणि एकदा 'हो' म्हटल्यावर त्यांच्या तावडीतून सुटलेला माणूस तर मी अजून पाहिलेला नाही. त्या राहतात खालापूरकडच्या एका गावात. शिक्षण सातवी. यजमान मोहोपाड्याच्या कारखान्यात होते, ते गेले. भाताची शेती उरली. अशा या बाईला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी शोध लागला की मोबाईलवरून वर्गणी गोळा करता येते. बाकी जग त्याला क्राउडफंडिंग म्हणतं. विहीणबाई वर्गणीच म्हणतात. हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, "अहो, न पाहिलेल्या माणसाला कोण पैसे देईल?" त्या म्हणाल्या, "न पाहिलेला का? मी बघते की त्याला." माझा समज झाला की ही नुसती बोलण्याची तऱ्हा आहे. तो पहिला धक्का अजून यायचा होता.

त्यांची पहिली मोहीम गावच्या शाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी होती. पुण्याच्या कुणा संगणकवाल्या मुलाने एकशे एक रुपये पाठवले. मोहिमेच्या पानावर त्याचं नाव आलं, यंत्राने आपोआप आभार मानले, विषय संपला. निदान तुमच्याआमच्यासाठी संपला असता. विहीणबाईंनी त्याचा नंबर मिळवला (कसा, ते मी विचारलं नाही, आणि तुम्हीही विचारू नका) आणि त्याला फोन करून विचारलं, "जेवलास का रं बाबा?" त्याला वाटलं ही फसवणूक करणारी टोळी आहे. त्याने फोन ठेवला. यांनी मुलाच्या फोनवरून लावला. त्याने तोही नंबर बंद करून टाकला. मग त्या माझ्याकडे कर्जतला आल्या, "जरा फोन बघू" म्हणाल्या, आणि मी स्वयंपाकघरात पोहे परतत असताना माझ्या फोनवरून त्याला चार वेळा जेवणाबद्दल विचारलं. दोन दिवसांनी, विहीणबाई अजून माझ्याकडेच असताना, पुण्याच्या कुठल्याशा ठाण्यातून हवालदाराचा फोन. "बाई, आपल्या क्रमांकावरून एका इसमास वारंवार 'जेवलास का' असं विचारण्यात येतं, अशी तक्रार आहे."

आमच्या सात पिढ्यांत पोलिसांचा फोन आलेला नाही. मी चाचरत म्हटलं, "पण यात गुन्हा कोणता?"

"तेच आम्ही बघतोय," हवालदार म्हणाला.

इतक्यात विहीणबाईंनी माझ्या हातून फोन घेतला. "हवालदारसाहेब, तुमी जेवलात का?" मग त्या माणसाने सांगायला सुरुवात केली. सकाळपासून ड्युटीवर, डबा आला नाही, बायको माहेरी, आईचा गुडघा दुखतो. वीस मिनिटं. विहीणबाईंनी गुडघ्यासाठी निर्गुडीचा पाला कसा बांधायचा ते सांगितलं. पुढच्या मोहिमेत पहिली वर्गणी त्या हवालदाराची होती, दुसरी त्या तक्रारदार मुलाची. नवी माणसं जोडण्याची म्हणून काही रीत असते, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. तिच्यात पोलीस तक्रारीचा उल्लेख कुठेही नव्हता.

पण नव्या माणसाचं काय, तो एकदा देतोच. खरी कला जुन्याला परत आणण्याची. तिथे विहीणबाईंची युक्ती ऐकून मी दुसऱ्यांदा हादरले, कारण ती युक्ती नव्हतीच, ती सावड होती. आमच्या भागात पूर्वी भाताची लावणी सावडीने होई. आज माझ्या शेतात तुझ्या घरची चार माणसं, उद्या तुझ्या शेतात माझ्या घरची चार. मजुरी नाही, आभार नाहीत, पण चार माणसं घेतली आणि तीनच पाठवली तर वर्षभर तोंड दाखवायला जागा नाही. विहीणबाईंच्या मते ज्याने लिंकवर दहा रुपये टाकले तो त्यांच्या शेतात येऊन वाकून गेलेला माणूस. आता त्याच्या शेतात जाणं आलं. डोंबिवलीच्या एका बाईने पाचशे रुपये दिले होते. पुढे तिची सासू पनवेलच्या रुग्णालयात दाखल असल्याचं फोनवर कळलं, आणि विहीणबाई वळकटी बांधून निघाल्या. तीन दिवस त्या अनोळखी सासूच्या उशाशी बसल्या. मी फोनवर ओरडले, "अहो, कोण कुठली ती!"

"आली होती की आपल्या शेतात."

"कधी?"

"त्या लिंकवर."

डोंबिवलीची बाई आज त्यांच्या प्रत्येक मोहिमेला असते. तिची सासू बरी झाली आणि तीही असते. शिवाय काहीही नको असताना फोन करायचा, ही आणखी एक सवय. "काय नको रं. म्हनलं बरा हायस का." मी समजावलं की असे फोन फुकट जातात, ऐन मोहिमेच्या वेळी करावेत. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तसं चौतीस वर्षांत कुठल्याही शिक्षणाधिकाऱ्याने पाहिलं नसेल. "लावणी नसली तरी बांधावरनं हाक मारायची असते, विहीणबाई," त्या म्हणाल्या.

आणि त्यांचे ते खबरबातीचे निरोप! मोहिमेच्या पानावर मधूनमधून देणाऱ्यांना काम कुठवर आलं ते कळवायचं असतं. लोक लिहितात, आपल्या प्रेमामुळे स्वप्न साकार होत आहे, वगैरे. विहीणबाईंनी टाकीबद्दल लिहिलं ते असं: "टाकी बसली. गळते. गवंडी फोन उचलत नाही. त्याचा नंबर खाली देत आहे." मी ते वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. संपलं, म्हटलं, आता या बाईला कोणी छदाम देणार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गवंडी सिमेंटची गोणी खांद्यावर घेऊन शाळेच्या दारात हजर, चेहरा रडवेला. "आजी, नंबर काढा वो माझा. दुबईवरनं फोन आला! तिथला माणूस इचारतो, टाकी गळायची थांबली का!" गळती थांबली. आणि फोन करणारे ते सगळे, गवंड्याला दम भरल्यामुळे असेल, टाकी स्वतःचीच समजू लागले.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं. तरीही मी जे केलं ते केलं. आता हिराकडे येते.

कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक ठाकरवाडी आहे, तिथली ही हिरा. कर्जत स्टेशनाबाहेर रानभाजी विकायची. एके दिवशी खोपोलीच्या रस्त्याला टेंपोने उडवलं आणि तिचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. कुठल्याशा शिबिरात फुकट पाय मिळाला, पण तो सडकेवर चालणारा. वाडीची वाट तासाभराची खडी चढण, त्यावर तो घसरायचा. म्हणून हिरा कुबड्या घेऊन खाली रस्त्यालगत भावाकडे राहू लागली. नवरा डोंगरातून भाजी खाली आणून देई, ही बसून विकी. दीड वर्ष झालं, स्वतःच्या घरात पाऊल नाही. डोंगर चढेल असा, घोट्यात वळणारा पाय पुण्यात बनतो, पण तो महाग. किती, ते लिहीत नाही, ऐकल्यावर माझाच पाय लटपटला होता. विहीणबाई भाजी घ्यायला थांबल्या, ओळख झाली, मोहीम सुरू झाली.

तेव्हा त्यांनी हिराला आधी विचारलं, "काय लिवू गं तुझ्याबद्दल?" मग फोटो काढला. हिरा नवी साडी नेसून, केस विंचरून, समोर करटोलींची टोपली मांडून चांगली दात दाखवून हसते आहे. खाली मजकूर: "ही हिरा. भाजी विकते. एक पाय गेला. मिळालेला पाय डोंगरावर घसरतो. घर डोंगरावर आहे. तिला घरी जायचं आहे." बस. एक विशेषण नाही! मी म्हटलं, "हसणाऱ्या बाईला पाय कोण देईल हो?" त्या म्हणाल्या, "हसते ती. मंग काय करू?"

मोहीम निम्म्यावर येऊन थबकली. नेमकं त्याच वेळी विहीणबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, पंधरा दिवस मोबाईलकडे बघायचं नाही. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "फकस्त आलेल्यांना फोन करा. बाकी काय करू नका." माझ्यातली ती त्रेसष्ट वर्षांची अवखळ मुलगी मनात म्हणाली, आता बघाच.

मी स्टेशनाबाहेर गेले. दुरून हिराचा नवा फोटो काढला. एक गिऱ्हाईक भाजी घेऊन उभं होतं आणि हिरा त्याला उरलेले सुटे पैसे परत देत होती, हात पुढे करून, मान वर करून. उन्हामुळे डोळे बारीक झालेले. मी घरी येऊन गिऱ्हाईक कापून टाकलं. टोपलीही कापली. उरली कुबडी, बारीक डोळे आणि पुढे केलेला हात. मग लेखणी सरसावली. "नियतीने जिच्या पदरात केवळ काटेच टाकले, अशी ही अभागी माता स्टेशनाच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या करुणेवर, एकेक दिवस कसाबसा ढकलत आहे..." असे साडेतीन परिच्छेद. शेवटच्या ओळीला मला स्वतःलाच हुंदका आला. मी तो गिळला आणि शुद्धलेखन तपासलं.

पैसे यायला लागले. काय सांगू, लाह्या फुटाव्यात तसा फोन वाजत होता. लोकांनी मजकूर पुढे पाठवला, त्यांच्या लोकांनी आणखी पुढे. तीन दिवसांत थबकलेली मोहीम शेवटाजवळ आली. मी कुणालाही फोन केला नाही. इतक्यांना करणार कधी? आरशासमोर उभी राहून स्वतःलाच म्हटलं, सातवी आणि एम.ए. यांत शेवटी फरक असतो. त्या दिवशी मी पेढे आणले होते, हे सांगायला आज लाज वाटते, पण आणले होते. कंदी.

चौथ्या दिवशी दुपारी दारात कुबड्यांचा आवाज. हिरा. दोन जिने चढून आलेली, घामाने निथळत, टोपली डोक्यावर जशीच्या तशी भरलेली. तिने पदराची गाठ सोडली आणि माझ्या पुढ्यात नोटा-नाणी ओतली.

"बाय, लोकांना काय झालं हाय वो?"

"का गं?"

"पैशे टाकतान आन् भाजी नाय नेत. मी म्हनते, अवो, भाजीचा वाटा घ्या. तर हात जोडतान नि पलतान. एक बाय जुनी साडी देऊन गेली. एकानं आरधा पुडा बिस्किटं दिली. आरधा! एक जन मला बगून रडला. माझी भाजी सुकली चार दिस."

मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा तिने पुढचं सांगितलं, आणि ते सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. वाडीतल्या कुणी नेरळच्या बाजारात तो फोटो बघितला होता, मोबाईलवर. वाडीत बातमी गेली की हिरा स्टेशनावर भीक मागते. तेव्हापासून नवरा खाली आला नव्हता. भाजी शेजारणीबरोबर पाठवत होता, निरोप काही नाही.

"पाय मिलंल म्हनतान तुमी," ती म्हणाली. "मिलंल. पन वर कंच्या तोंडानं जाऊ?"

तिला लिहितावाचता येत नव्हतं. हे कुणी केलं ते तिला माहीत नव्हतं. ती माझ्याकडे मदत मागायला आली होती! आणि मी, ओघवत्या भाषेची बाई, हे तोंडाने सांगू शकले नाही. "बघते हं," एवढंच म्हटलं. समोर पेढ्यांचा पुडा होता. तिला पेढा पुढे करायला माझा हात उठेना.

संध्याकाळची एसटी पकडून मी विहीणबाईंकडे गेले. काळा चष्मा लावून त्या ओसरीत बसल्या होत्या, मांडीवर लसणाचं सूप, चाचपून चाचपून पाकळ्या सोलत. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. त्या म्हणाल्या, "वाचा."

"काय?"

"काय लिवलंत ते. मला दिसत नाय. मोठ्यानं वाचा."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ लाजिरवाणी वाचनं ऐकली आहेत, शाळेच्या कविसंमेलनातली धरून. पण स्वतःचे ते साडेतीन परिच्छेद विहीणबाईंच्या काळ्या चष्म्यासमोर मोठ्याने वाचणं... मी 'नियतीने'पासून सुरुवात केली. त्या लसूण सोलत राहिल्या. मी संपवलं.

"अभागी कोन?"

"हिरा."

"तिला इचारलंत?"

आतून माझी लेकसुद्धा डोकावून गेली आणि काही न बोलता परत गेली; लेक गप्प बसली म्हणजे प्रकरण किती गंभीर, ते मला कळलं. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता पुसून टाकते."

"पुसायचं नाय. लोकांनी बगितलंय ते. त्याच्याखाली लिवायचं. घ्या, मी सांगते."

आणि त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं, माझ्याच हाताने. तो निरोप मला आजही पाठ आहे: "चार दिवसांपूर्वी इथे जे लिहिलं ते खोटं आहे. हिरा भीक मागत नाही. फोटोत ती सुटे पैसे परत देते आहे. लिहिणारी माझी विहीण आहे. ती फार शिकलेली असल्यामुळे असं झालं. ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी सांगावं, परत मिळतील. ज्यांनी टोपलीत पैसे टाकले त्यांनी कर्जत स्टेशनाबाहेर येऊन आपली भाजी घेऊन जावी. माझी विहीण तिथे बसलेली असेल. उंच आहे, चष्मा आहे."

मी म्हटलं, "मी बसायचं?"

"मंग कोन? माझा डोळा उघडाय का?"

दुसऱ्या दिवशी हिराला आधी खरं सांगितलं. ती बसायच्या गोणपाटावर जरा सरकली, मला जागा करून दिली. ते सरकणं शिव्यांपेक्षा जड गेलं. आणि मी कर्जत स्टेशनाबाहेर गोणपाटावर बसले. दहा दिवस. अर्ध्या कर्जतला मी बाराखडी शिकवलेली. येणाराजाणारा थबकायचा. पहिल्याच दिवशी माझा एक जुना विद्यार्थी, आता पोट सुटलेला, टक्कल पडलेला, समोर उभा राहिला. डोळे विस्फारलेले. "बाई! पेन्शन बंद झाली का?" मी खुलासा करण्यासाठी तोंड उघडेपर्यंत त्याने खिशातून वीसची नोट काढून माझ्या मांडीवर ठेवली, डोळे टिपले, आणि गेलाही. मी हाका मारत राहिले, "अरे, भाजी! भाजी तरी घे!" तो हात जोडून पळाला. हिरा खो-खो हसत सुटली. हसता हसता तिची कुबडी आडवी झाली. चार दिवसांत पहिल्यांदाच हसली होती. ती वीसची नोट मांडीवर घेऊन मी बसले होते.

लोक येऊ लागले. बदलापूरहून एक जोडपं भाजी न्यायलाच आलं. करटोली कशी करायची ते त्यांना ठाऊक नव्हतं; हिराने चुलीपासून सांगितलं. बिस्किटांचा अर्धा पुडा देणारे गृहस्थ उरलेला अर्धा घेऊन आले, म्हणाले, तेव्हा घाईत होतो. हिराने त्यांना टाकळ्याची जुडी दिली. जुनी साडीवाली बाई आली, साडी परत न्यायला संकोचली, मग हिरानेच विचारलं, "पावसातल्या इरल्याला आतनं लावू का?" आणि दोघी हसल्या. मोहिमेच्या पानावर अकरा जणांनी पैसे परत मागितले. विहीणबाईंनी डोळ्यावरचा काळा चष्मा निघताच त्या अकरांना फोन केला. परत का मागितलेत म्हणून नव्हे, परत मिळाले का म्हणून. अकरांपैकी सातांनी पुन्हा पाठवले. मी म्हटलं, "हे कसं काय?" तर म्हणाल्या, "अवो, त्यांना जेवायचं इचारलं, एवढंच." हिराचा पाय झाला. वर थोडे पैसे उरले ते देणाऱ्यांना विचारून पुढच्या मोहिमेच्या नावाने ठेवले.

आता विहीणबाई थकल्या. गेल्या वर्षापासून त्यांच्या डोक्यात नावांची सरमिसळ होते. नागपूरच्या माणसाला फोन लावून नाशिकच्या माणसाच्या मुलीची परीक्षा विचारतात. आणि आश्चर्य असं की नागपूरचा माणूस त्यांना दुरुस्त करत नाही. "बरी गेली परीक्षा," म्हणतो. परवा एकाने मला सांगितलं, "आजींनी सकाळपासून तीनदा फोन केला. तिन्ही वेळा वेगळं नाव घेतलं. मी तिन्ही नावांनी बोललो." हल्ली मोहिमेचा मजकूर मी लिहिते. लिहायच्या आधी विचारते आणि लिहिल्यावर विशेषणं खोडते. एखादं राहतंच. विहीणबाईंना वाचून दाखवलं की त्या ऐकत ऐकत मध्येच झोपतात, आणि मी शेवटपर्यंत वाचते.

हिरा पहिल्यांदा वर गेली ती त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर. नवरा पाय बसवायच्या दिवशीसुद्धा पुण्याला आला नव्हता, म्हणून मीच बरोबर निघाले. वाडीसमोर उभं राहून खरं सांगायचं होतं. विहीणबाई पायथ्याशी एका दगडावर बसल्या. "माझे गुडघे म्हनतात नाय. तुमी जा. लिवलंत तुमी, सांगा पन तुमीच." चढण काय सांगू! हिरा नव्या पायाने पुढे, आधी जपून, मग भराभर, आणि मी मागे धापा टाकत. ती वळून वळून माझ्यासाठी थांबत होती. शेवटच्या वळणावर तिचा नवरा उभा होता. त्याने तिच्या पायाकडे बघितलं, वाकून घोट्याजवळ हात लावून बघितला, वळतो का. मग तिच्या खांद्यावरची पिशवी घेतली आणि पुढे चालू लागला.

वाडीतली वीसेक माणसं अंगणात जमली. मी उभी राहिले. चौतीस वर्षांचं वक्तृत्व गोळा केलं आणि सांगितलं की चूक माझी, फोटो मी कापला, हिराने कधी कुणापुढे हात पसरला नाही, ती अतिशय स्वाभिमानी आहे, कष्टाळू आहे, सोशिक आहे, आदर्श आहे. भाषण बरंच लांबलं. आवाज दोनदा भरून आला, आणि या वेळी खरोखरच. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तिच्या नवऱ्याने मला पाणी आणून दिलं. हिरा स्वतःच्या दाराच्या उंबऱ्यावर बसली होती, नवा पाय लांब करून. मी तिच्याशेजारी जाऊन टेकले आणि हळूच विचारलं, "झालं ना गं आता? सगळं सांगितलं ना?"

तिने जरा विचार केला. मग म्हणाली, "बाय, येवडं सगलं बोललात, पन माझी भाजी ताजी असती, ह्ये कुटंच नाय सांगितलंत."